गेमबुक रचण्यास साधन कोणतें निवडावें?

सामान्य गोष्टींत वाचक लेखकाच्या मागोमाग चालतो. वाट एकच असते व ती लेखकानें आधींच आंखलेली असते. गेमबुक म्हणून जो ग्रंथप्रकार आहे त्यांत मात्र लेखक मधून मधून थांबतो आणि वाचकास विचारतो, "आतां तूं काय करणार?" वाचक जें उत्तर देईल त्याप्रमाणें पुढचें पान उघडतें. अशी गोष्ट संगणकावर रचण्यासाठीं आज अनेक साधनें उपलब्ध असून त्यांपैकीं बरींच विनामूल्य आहेत. "त्यांतलें चांगलें कोणतें?" असा प्रश्न वरच्या वर्गांतील विद्यार्थी आम्हांस वारंवार विचारतात. एका शब्दांत उत्तर दिलें तर तें हिताचें होणार नाहीं. कारण सुतारानें करवत घ्यावी कीं पटाशी, हें लाकूड व काम पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. शिवाय साधन चुकलें म्हणजे होणारी हानि लहान नसते. सहा महिन्यांच्या श्रमानें लिहिलेली गोष्ट वाचकाच्या यंत्रावर उघडतच नाहीं; किंवा एके दिवशीं ती संगणकांतून नाहींशी होते; किंवा निम्मे वाचक "ही आमच्यासाठीं लिहिलेली नाहीं" असें समजून ती बाजूस ठेवतात. ह्या तिन्ही आपत्ती टाळतां येण्याजोग्या आहेत. त्या कशा टाळाव्या, हें सांगण्याचें आम्हीं ह्या लेखांत योजिलें आहे.

कागदावरील इतिहास

ही कल्पना आजच्या संगणकाहून जुनी आहे. डोरिस वेब्स्टर व मेरी ऑल्डन हॉपकिन्स ह्या दोन लेखिकांनीं १९३० सालीं अमेरिकेंत 'कन्सिडर द कॉन्सिक्वेन्सेस' ह्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. 'परिणामांचा विचार करा' असा त्या नांवाचा अर्थ आहे. पात्रानें काय करावें हें त्यांत वाचकानें ठरवावयाचें असे. शिक्षणाच्या कामींही हीच युक्ति वापरली गेली. नॉर्मन क्राउडर ह्यांच्या पद्धतीवर आधारलेली 'ट्यूटरटेक्स्ट' ही पुस्तकमाला अमेरिकेंत १९५८ पासून निघूं लागली. तींत प्रश्नाचें उत्तर बरोबर आलें तर वाचकास पुढच्या पाठाकडे, आणि चुकलें तर ती विशिष्ट चूक समजावून सांगणाऱ्या निराळ्या पानाकडे धाडीत. १९७९ सालीं एडवर्ड पॅकार्ड ह्यांचें 'द केव्ह ऑफ टाइम' हें 'चूज युवर ओन अ‍ॅडव्हेंचर' मालेंतील पहिलें पुस्तक निघालें व हा प्रकार मुलांत अत्यंत लोकप्रिय झाला. पुढें १९८२ मध्यें इंग्लंडांत स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन ह्यांनीं 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' लिहिलें. त्यांत ४०० क्रमांकित परिच्छेद होते. वाचकानें दोन फांसे व एक पेन्सिल घेऊन बसावयाचें आणि आपलें कौशल्य, बळ व दैव ह्यांचा जमाखर्च कागदावर मांडीत जावयाचें.

ह्या शेवटच्या पुस्तकाकडे नीट पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. वाचकाकडे तीन कामें होतीं: पानें उलटणें, हिशेब ठेवणें व फांसे टाकणें. सॉफ्टवेअर हीं तीन कामें वाचकाच्या हातांतून आपल्याकडे घेतें. ह्याहून मूलतः वेगळें असें तें कांहीं करीत नाहीं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारावा कीं, आमच्या गोष्टीस ह्या तिहींपैकीं किती कामांची गरज आहे? केवळ पानें उलटण्याचीच गरज असेल तर अगदीं साधें साधन पुरतें. हिशेब फार असेल तर बळकट साधन हवें.

साधनाआधीं अंकगणित

आतां थोडें गणित करूं. प्रत्येक पानाच्या शेवटीं दोन पर्याय ठेवावयाचे व एकदां फुटलेल्या वाटा पुन्हां कधींच मिळवावयाच्या नाहींत, असें धरा. पहिलें पान १, मग २, मग ४, मग ८, अशा दहा निवडी झाल्यावर शेवटच्या पानांची संख्या १,०२४ होते व एकंदर पानांची बेरीज २,०४७ भरते. प्रत्येक पानावर १०० शब्द धरले तर लेखकास २,०४,७०० शब्द लिहावे लागतात. आणि वाचक एका खेपेस त्यांतलीं फक्त ११ पानें, म्हणजे १,१०० शब्द वाचतो. उलटपक्षीं, प्रत्येक निवडीनंतर दोन्ही वाटा एकेक पान चालून पुन्हां एकाच पानावर येऊन मिळतात असें धरा. निवडींचीं १० पानें, वाटांचीं २० व अखेरचें १, अशा ३१ पानांत काम भागतें, आणि वाचक त्यांपैकीं २१ पानें वाचतो. सॅम काबो अ‍ॅश्वेल ह्यांनीं २०१५ सालीं अशा गोष्टींच्या नकाशांचे प्रकार वर्णिले. त्यांत पहिल्या आकृतीस त्यांनीं 'टाइम केव्ह' व दुसरीस 'ब्रँच अँड बॉटलनेक' अशीं नांवें दिलीं आहेत. गोष्ट लिहूं लागलेला बहुतेक प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आकृतीनें आरंभ करतो व चौथ्या-पांचव्या निवडीपाशीं थकून लेखणी खालीं ठेवतो. हा दोष त्याच्या चिकाटीचा नसून आकृतीचा आहे.

परंतु वाटा पुन्हां मिळविल्या कीं दुसरी अडचण उभी राहते. नदी ओलांडली काय आणि फेरा घेतला काय, पुढचें पान तेंच असेल तर निवडीस अर्थ काय राहिला? ह्यास उपाय स्मृतीचा. वाटा मिळाल्या तरी वाचकानें मागें काय केलें हें गोष्टीनें लक्षांत ठेवावें व योग्य वेळीं त्याचें फळ त्याच्या पदरांत घालावें. एक उदाहरण घेऊं.

पावसाळ्याचे दिवस आहेत. आजीचें औषध संपलें आहे व तें आणावयास नदीपलीकडच्या बाजारपेठेंत जावयाचें आहे. घरांतून निघतांना दोरी घ्यावी कीं विजेरी, ही पहिली निवड. नदीवरच्या साकवास पाणी लागलें आहे. साकवावरून जावें कीं वरच्या वाडीकडून दोन तासांचा फेरा घ्यावा, ही दुसरी निवड. दोन्ही वाटा बाजारपेठेंत मिळतात. परंतु फेऱ्यानें गेलेल्यास तेथें पोहोंचण्यास उशीर झाला आहे व परततांना अंधार पडणार आहे. त्याच्यापाशीं विजेरी असली तर वाट दिसते, नसली तर दिसत नाहीं. साकवावरून गेलेला लवकर परततो, पण तोंवर पाणी चढलें आहे. त्याच्यापाशीं दोरी असली तर ती साकवास बांधून उतरतां येतें. येथें बाजारपेठेचें पान एकच असूनही चार प्रकारचे वाचक त्यावरून चार निरनिराळ्या परिणामांकडे जातात. दोन निवडींनीं चार स्थिति झाल्या. तीन निवडी लक्षांत ठेवल्या तर ८ व दहा ठेवल्या तर पुन्हां १,०२४ स्थिति होतात. म्हणजे लिहिण्याचे श्रम वांचले तरी तपासण्याचे श्रम वाढतात. ही गोष्ट साधन निवडतांना फार महत्त्वाची आहे, हें पुढें दिसून येईल.

ह्याच ठिकाणीं आणखी एक नियम सांगून ठेवतों. नदीला पाणी चढत आहे व संध्याकाळ जवळ येत आहे, ह्याची कांहीं तरी खूण वाचकास निवडीपूर्वींच मिळाली पाहिजे. ती न देतां "साकवावरून गेलास, वाहून गेलास" असें लिहिणें म्हणजे वाचकास सोडतीचें तिकीट देणें होय. अशा पुस्तकाचा वाचक मागल्या पानांत बोट घालून ठेवतो व पसंत न पडलें कीं परत फिरतो. आणि त्याचें तें करणें न्याय्यच असतें.

प्रमुख साधनें

ट्वाइन. हें साधन क्रिस क्लिमास ह्यांनीं २००९ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. तें विनामूल्य असून त्याची मूळ रचना सर्वांस खुली आहे. ह्यांत गोष्टीचें प्रत्येक पान म्हणजे पडद्यावरील एक चौकट असते व दुव्यांचे बाण त्या चौकटींना जोडतात. त्यामुळें गोष्टीचा नकाशा सदैव डोळ्यांसमोर राहतो. दुवा करणें अत्यंत सोपें आहे. दुहेरी चौकटी कंसांत [[साकवावरून जा->साकव]] असें लिहिलें कीं वाचकास पहिले शब्द दिसतात व त्यांवर बोट ठेवतांच 'साकव' नांवाचें पान उघडतें. तयार झालेली गोष्ट एकाच एचटीएमएल फाइलींत बाहेर पडते व ती कोणत्याही ब्राउझरमध्यें, इंटरनेटवांचूनही, वाचतां येते. २०१८ सालीं नेटफ्लिक्सवर आलेल्या 'बँडरस्नॅच' ह्या निवडीच्या चित्रपटाचा कच्चा आराखडाही लेखक चार्ली ब्रूकर ह्यांनीं ट्वाइनमध्यें मांडला होता. स्मृति ठेवावयाची झाली म्हणजे मात्र हार्लो, शुगरक्यूब, चॅपबुक किंवा स्नोमॅन ह्यांपैकीं एक 'स्टोरी फॉरमॅट' घ्यावा लागतो. ह्यांच्या लेखनपद्धति परस्परांहून भिन्न आहेत. एकींत लिहिलेल्या अटी दुसरींत चालत नाहींत. म्हणून ही निवड पहिल्याच दिवशीं करावी. ट्वाइनचा दोष असा कीं चौकटींची संख्या शेंदीडशेंवर गेली म्हणजे नकाशा गुंतलेल्या सुतासारखा दिसूं लागतो. आणि एकाच गोष्टीवर अनेकांनीं एकाच वेळीं काम करणें त्यांत अवघड पडतें.

इंक. इंग्लंडांतील केंब्रिज येथील 'इंकल' ह्या संस्थेनें आपल्या खेळांसाठीं ही लेखनभाषा तयार केली व २०१६ सालीं ती सर्वांस विनामूल्य खुली केली. ह्याच संस्थेनें जॅक्सन ह्यांच्या 'सॉर्सरी' ह्या जुन्या गेमबुकांस संगणकावर आणलें, आणि झूल व्हर्नच्या कादंबरीवरून '८० डेज' हा खेळ २०१४ सालीं काढला. मूळ कादंबरींत प्रवासी मुंबईस उतरून रेल्वेनें पुढें जातात, हें आपल्यापैकीं अनेकांस ठाऊक असेल. इंकमध्यें चौकटी नाहींत. नाटकाच्या संहितेप्रमाणें सर्व मजकूर वरून खालीं लिहीत जावयाचा. तारका-चिन्हानें पर्याय सुरू होतो व बाणानें पुढची जागा दाखविली जाते. एकदां निवडलेला पर्याय पुन्हां दिसूं नये, किंवा दिसत राहावा, हा भेद एका चिन्हानें साधतो. कोणतें पान वाचकानें पाहिलें आहे हें इंक आपण होऊन लक्षांत ठेवतें, ही त्याची मोठी सोय होय. 'इंकी' नांवाच्या लेखनसाधनांत डाव्या बाजूस लिहावें व उजव्या बाजूस तत्काळ खेळून पाहावें. नसलेल्या जागेकडे बाण काढला किंवा एखादी वाट अधांतरी सोडली तर तें लगेच दाखवून देतें. संवादप्रधान, लहान लहान निवडींनीं भरलेल्या गोष्टीस इंकसारखें साधन नाहीं. मात्र नकाशा दिसत नसल्यामुळें आरंभ करणाऱ्यानें तो कागदावर काढून जवळ ठेवला पाहिजे.

चॉइसस्क्रिप्ट. हें अमेरिकेंतील 'चॉइस ऑफ गेम्स' ह्या कंपनीचें साधन होय; तिचा 'चॉइस ऑफ द ड्रॅगन' हा खेळ २००९ सालीं निघाला. साध्या मजकुराच्या फाइलींत थोड्या इंग्रजी आज्ञा घालून ह्यांत गोष्ट लिहितात. पात्राचे गुण अंकांनीं मोजावयाचे व त्यांवरून पुढचे प्रसंग ठरवावयाचे, अशा लांब गोष्टींस तें अनुकूल आहे. त्याचा खरा गुण तपासणींत आहे. त्याबरोबर येणारी एक परीक्षा प्रत्येक वाट सुरळीत आहे कीं नाहीं हें पाहते. दुसरी परीक्षा संपूर्ण गोष्ट यदृच्छेनें, सांगाल तितक्या वेळां, दहा हजार वेळांही, आपोआप खेळते व कोणतें पान किती वेळां उघडलें तें मोजून देते. एखादें पान शून्य वेळां उघडलें असेल तर तेथें पोहोंचण्याची वाट बहुधा बंद आहे असें समजावें. वर स्थितींच्या संख्येविषयीं जें सांगितलें त्यावर हा उत्तम उपाय आहे. परवान्याची अट मात्र आधीं वाचावी: नफा न घेतां वापरण्यास साधन मोकळें आहे, परंतु गोष्ट विकावयाची झाली तर कंपनीशीं करार करावा लागतो.

ह्यांशिवाय आणखी साधनें आहेत. ग्रॅहम नेल्सन ह्यांचें 'इन्फॉर्म' फार विख्यात असलें तरी त्यांत वाचक स्वतः आज्ञा टंकून देतो. तो निराळा प्रकार असून मराठी आज्ञा समजण्याची व्यवस्था त्यांत सिद्ध नाहीं. 'रेनपाय' हें चित्रें, चेहरे व ध्वनि ह्यांसह गोष्ट सांगण्यास चांगलें. पण मजकुराहून चित्रांचे श्रमच अधिक पडतात. ज्यांस छापील पुस्तकच काढावयाचें आहे त्यांनीं 'गेमबुक ऑथरिंग टूल' पाहावें. परिच्छेदांचे क्रमांक विस्कळित करून देणें व एका क्रमांकांत बदल झाला कीं सर्व दुवे सुधारणें हें त्याचें मुख्य काम आहे. हातानें हें करतांना दुव्यांचे घोटाळे हमखास होतात.

मराठींत लिहितांना

आतांपर्यंतचें विवेचन कोणत्याही भाषेस लागू पडेल. मराठीच्या कांहीं अडचणी मात्र स्वतःच्या आहेत, व इंग्रजींतील मार्गदर्शक पुस्तकांत त्यांचा उल्लेख सांपडत नाहीं.

पहिली अडचण अक्षरांची. मजकूर युनिकोडमध्येंच लिहावा. जुन्या पद्धतीच्या टंकांत देवनागरी आकृति रोमन अक्षरांच्या जागीं बसविलेल्या असत. तो टंक वाचकापाशीं नसला कीं मराठीच्या जागीं निरर्थक रोमन अक्षरें दिसतात. जोडाक्षरें नीट उमटतात किंवा नाहीं ह्याची परीक्षाही आधीं घ्यावी. 'दर्या' म्हणजे समुद्र व 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. 'आचार्यांस विचार' व 'आचाऱ्यांस विचार' ह्यांत गुरुजन व स्वयंपाकी एवढें अंतर आहे. ट्वाइन, इंक व चॉइसस्क्रिप्ट ह्यांच्या गोष्टी ब्राउझरमध्यें उघडत असल्यामुळें अक्षरजुळणीचें काम ब्राउझर करतो व तें बहुधा निर्दोष असतें. 'नोटो' किंवा मुंबईच्या एक टाइप ह्या संस्थेचा 'मुक्ता', असे विनामूल्य टंक वापरावे. साधनाच्या आंतील खुणांचीं व स्मृतींचीं नांवें रोमन अक्षरांत ठेवावीं, म्हणजे घोटाळा होत नाहीं. वाचकास तीं दिसतच नाहींत.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. गेमबुक वाचकाशीं मध्यमपुरुषांत बोलतें. इंग्रजी क्रियापदास वाचक मुलगा आहे कीं मुलगी ह्याचें सोयरसुतक नसतें. मराठींत मात्र 'तूं गेलास' म्हटलें कीं वाचक मुलगा ठरतो व 'तूं गेलीस' म्हटलें कीं मुलगी. 'तुम्ही' म्हटल्यानेंही प्रश्न पुरता सुटत नाहीं. 'उभे' कीं 'उभ्या' हा भेद उरतोच. विचार न करतां लिहिणारा सगळीकडे पुल्लिंगच लिहून जातो, आणि वर्गांतील निम्म्या वाचकांस पहिल्या पानापासूनच आपण परक्याच्या गोष्टींत आलों असें वाटूं लागतें. ज्या ग्रंथाची सारी प्रतिज्ञाच "हा निर्णय तुझा आहे" अशी, त्यानें वाचकाचें असें अर्धें अस्तित्व नाकारणें हा साधा व्याकरणदोष नव्हे.

ह्यास दोन उपाय आहेत. पहिला भाषेंतला. मराठीच्याच घडणींत लिंगभेद न दाखविणारीं रूपें पुष्कळ आहेत: आज्ञार्थ 'थांब', 'ऐक'; भविष्यकाळ 'तूं जाशील'; 'तुला पाणी दिसतें', 'तुझा पाय घसरतो' अशा रचना; आणि सकर्मक भूतकाळ, ज्यांत क्रियापद कर्माप्रमाणें चालतें. 'तूं दार उघडलेंस', 'तूं दोरी बांधलीस' हीं वाक्यें मुलगा व मुलगी दोघांसही सारखींच लागू पडतात. दुसरा उपाय साधनांतला. आरंभींच एक प्रश्न विचारून उत्तर स्मृतींत ठेवावें व त्याप्रमाणें 'गेलास' अथवा 'गेलीस' छापावें. तिन्ही साधनांत हें करतां येतें. मात्र शब्द मध्येंच तोडून नुसती मात्रा स्मृतींत ठेवूं नये; तुटलेली मात्रा पडद्यावर कधीं कधीं मोकळ्या वर्तुळासह उमटते. पूर्ण शब्दच ठेवावा. आमच्या मतें पहिला उपाय शक्य तितका वापरावा व उरलेल्या ठिकाणीं दुसरा. 'एक नाणें' व 'तीन नाणीं' अशा वचनभेदासही हाच नियम लावावा.

श्रमाचें रक्षण

साधन आज आहे म्हणून उद्यां राहील असें नाहीं. फ्लॅश ह्या साधनावर जगभर असंख्य खेळ व गोष्टी रचल्या गेल्या होत्या. अ‍ॅडोबी कंपनीनें ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्याचा आधार काढून घेतला, आणि ब्राउझरांत त्या उघडेनाशा झाल्या. म्हणून साधन निवडतांना असा प्रश्न अवश्य विचारावा: हें साधन उद्यां बंद पडलें तर माझे शब्द माझ्या हातीं राहतील काय? इंक व चॉइसस्क्रिप्ट ह्यांचें लेखन साध्या मजकुराच्या फाइलींत असतें. तें कोणत्याही साध्या लेखनपटावर वाचतां येतें. ट्वाइनच्या एचटीएमएल फाइलींतूनही मजकूर परत काढतां येतो, व 'ट्वी' ह्या साध्या लेखनरूपांतही तो ठेवतां येतो.

ट्वाइनविषयीं येथें एक सूचना ठळकपणें द्यावयाची आहे. ट्वाइन संकेतस्थळावरच उघडून वापरलें तर गोष्ट त्या यंत्रावरील त्या ब्राउझरच्या सांठ्यांत राहते. ती दूर कोठें सुरक्षित ठेवलेली नसते. कोणी ब्राउझरचा सांठा पुसला तर गोष्टही पुसली जाते. आणि कांहीं ब्राउझर त्या स्थळास बरेच दिवस न गेल्यास तो सांठा स्वतः होऊन पुसतात. शाळेच्या संगणकावर तर एकामागून एक किती हात फिरतात हें सांगावयास नकोच. ह्यास्तव संगणकावर बसवावयाची ट्वाइनची प्रत वापरावी. तें शक्य नसेल तर दर दिवशीं उठण्यापूर्वीं गोष्टीची प्रति फाइल म्हणून उतरवून घ्यावी व तिला तारखेचें नांव द्यावें. एक प्रति पेनड्राइव्हवर व एक आणखी कोठें तरी, असा नेम ठेवणाऱ्यास रडावें लागत नाहीं.

आमचा अभिप्राय

एवढ्या विवेचनानंतर आमचें मत आम्ही सांगतों. ज्यानें पूर्वीं एकही गेमबुक लिहिलें नाहीं त्यानें आरंभ कागदाच्या चिठ्ठ्यांनीं करावा. बारा चिठ्ठ्या, त्यांवर क्रमांक, व त्यांना जोडणारा दोरा. एवढ्यानें गोष्टीचा आकार कळतो. मग तीच गोष्ट ट्वाइनमध्यें घालावी व स्मृतीसाठीं, दुसरें कारण नसेल तर, हार्लो हा त्याबरोबर येणारा फॉरमॅट घ्यावा. हार्लोमध्यें वाचकास मागें फिरण्याचा बाण आपोआप मिळतो. तो ठेवावा कीं काढावा हें लेखकानें समजून ठरवावें. शिकविण्यासाठीं लिहिलेल्या गोष्टींत तो ठेवावा, कारण चूक पाहून पुन्हां येणें हाच तेथें अभ्यास असतो. परिणाम भोगावयास लावणाऱ्या गोष्टींत तो काढावा. ज्यांस संवादाची आवड आहे व चिन्हांची भीति वाटत नाहीं, त्यांनीं दुसरी गोष्ट इंकमध्यें लिहावी. गोष्ट लांब असेल, अंकांचा हिशेब पुष्कळ असेल व तपासावयास सोबती नसतील, तर चॉइसस्क्रिप्ट घ्यावें. अनेकांनीं मिळून लिहावयाचें असेल तर साध्या मजकुराचीं शेवटचीं दोन साधनेंच सोयीचीं. प्रत्येकानें आपापली फाइल लिहावी व शेवटीं सर्व एकत्र करावें.

साधन कोणतेंही असो, गोष्ट पुरी झाल्यावर ती तीन वाचकांच्या हातीं द्यावी: एक वाचक स्वस्तांतल्या मोबाइलवर वाचणारा असावा, एक मुलगी असावी, आणि शक्य असल्यास एक पडदावाचक सॉफ्टवेअरनें ऐकणारा अंध वाचक असावा. वाचतांना लेखकानें जवळ बसावें, पण बोलूं नये. वाचक कोठें थबकला, कोठें न वाचतांच पुढें गेला, कोठें "असें कसें झालें?" म्हणाला, हें टिपून घ्यावें. केवळ रंगानें ओळखू येणारा दुवा, लहान पडद्यावर बाहेर जाणारें चित्र, अर्थहीन ठरलेली निवड, हे सारे दोष अर्ध्या तासांत बाहेर येतात.

अभ्यासासाठीं

१. वर दिलेल्या औषधाच्या गोष्टीचा नकाशा काढा. दोरी व विजेरी ह्या दोहोंपैकीं एकच घेतां येते असें धरून घरीं परतण्याच्या सर्व वाटा मोजा.

२. 'तूं घाईनें निघालास', 'तूं घाबरलास', 'तूं साकवावर चढलास', 'तूं ओला झालास' हीं चार वाक्यें मुलगा व मुलगी दोघांस लागू पडतील अशीं पुन्हां लिहा. अर्थ बदलूं देऊं नका.

३. दहा निवडींच्या ३१ पानांच्या आकृतींत प्रत्येक ठिकाणीं दोहोंऐवजीं तीन पर्याय ठेवले तर पानें किती होतील, व वाचक त्यांतलीं किती वाचील?

४. आपल्या गांवांतील एखाद्या खऱ्या वाटेवर बारा चिठ्ठ्यांची गोष्ट रचा. तींतील निदान एक निवड अशी असावी कीं जिचें फळ वाचकास पांच पानांनंतर मिळेल. आणि तें मिळाल्यावर, आपणच तें ओढवून घेतलें किंवा कमावलें, असें त्यास वाटावें.